स्ट्रेट पूल इथे कुणी खेळत नाही, मग तो शिकायचा कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही म्हापशात राहता, आठवड्यातून तीन संध्याकाळी पार्लरमध्ये एट-बॉल खेळता, टेबल मोकळं मिळालं तर स्नूकरही. चवथीच्या सुटीत दुबईहून आलेला मित्र म्हणाला, "स्ट्रेट पूल खेळ, बाकी सगळं आपोआप सुधारेल." पण पूलचा हा प्रकार आपल्याकडे कुणी खेळत नाही, त्याची स्पर्धा नाही, जोडीदार नाही. मग तासाचे पैसे मोजून त्यात वेळ घालवावा का? आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय: "पॉटिंग बरं आहे माझं, पण तीन-चार बॉल गेले की अडकतो."

खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. स्ट्रेट पूलचा उपयोग होईल की नाही, हे तुमचा खेळ नेमका कुठे अडतो त्यावर ठरतं. ज्याचा साधा पॉटच (बॉल पॉकेटमध्ये घालणं) दहातून चार वेळा चुकतो, त्याला मी स्ट्रेट पूल देत नाही. त्याने सरळ रेषेतले शॉट मारत बसावं, क्यू (खेळायची काठी) सरळ जातोय का ते बघावं. पण ज्याचा बॉल पॉकेटमध्ये जातो आणि पुढचा कुठला मारायचा ते पांढरा (क्यूने मारायचा बॉल) थांबल्यावरच सुचतं, त्याच्यासाठी या खेळासारखं दुसरं औषध मला गेल्या २७ वर्षांत सापडलेलं नाही. तुम्ही या दुसऱ्या गटातले वाटता. तसं धरूनच पुढचं लिहितो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी नियम. १५ बॉल, कुठलाही बॉल कुठल्याही पॉकेटमध्ये, फक्त कुठला बॉल आणि कुठलं पॉकेट ते आधी बोलायचं. प्रत्येक बॉलला एक गुण. १४ बॉल गेले की पंधरावा जिथे असेल तिथेच राहतो आणि ते १४ पुन्हा त्रिकोणात लावतात, टोकाची जागा रिकामी ठेवून. आता तो पंधरावा बॉल पॉट करायचा आणि त्याच शॉटमध्ये पांढऱ्याने रॅक, म्हणजे तो त्रिकोण, फोडायचा. बॉल गेला की तुमची पाळी चालूच. १४ पुन्हा लावायचे, एक राखायचा, म्हणून याला १४.१ असंही म्हणतात. रॅकचा हा नियम अमेरिकेत १९१० च्या सुमारास जेरोम कीओ यांनी सुचवला आणि पुढे कित्येक दशकं तिथल्या अजिंक्यपदाचा खेळ हाच होता. मोठे सामने १५० गुणांचे असत.

विली मॉस्कोनी यांनी १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला एका प्रदर्शनी सामन्यात सलग ५२६ बॉल घातले. तो आकडा २०१९ पर्यंत टिकला, मग जॉन श्मिट यांनी ६२६ केले. ऐकणारे थक्क होतात ते पॉटिंगवर. मी मात्र मुलांना वेगळा हिशेब करायला लावतो. ५२६ ला १४ ने भागा. एकदाही न चुकता सदतीस वेळा रॅक पुन्हा लावला गेला आणि सदतीस वेळा योग्य बॉल योग्य जागी शेवटासाठी राखलेला होता, पांढराही त्याच्यासाठी योग्य कोनात थांबलेला होता. एवढं सगळं निव्वळ चांगल्या नजरेने होत नाही.

"कुठलाही बॉल चालतो, मग सोपंच की," असं पहिल्या दिवशी प्रत्येक जण म्हणतो. नाइन-बॉलमध्ये पुढचा बॉल कुठला ते आकडा सांगतो. स्नूकरमध्ये लाल, मग रंगीत, मग लाल हे ठरलेलं. इथे कुणीच काही सांगत नाही. समोर अकरा बॉल आहेत, त्यातले सहा सहज जातील, आणि त्या सहांतला नेमका कुठला आत्ता घ्यायचा हे तुम्हाला कारणासकट ठरवावं लागतं. कारण चुकीचं असेल तर शिक्षा लगेच मिळत नाही, पाच-सहा बॉलनंतर मिळते. तोवर तुम्ही मूळ चूक विसरलेले असता आणि "नशीब फुटकं" म्हणून मोकळे होता.

एक प्रसंग सांगतो. जुलैतली दुपार, फोंड्यात धो धो पाऊस, टेबलावर माझा एक विद्यार्थी. एट-बॉलमध्ये आसपासच्या पोरांना भारी पडणारा. रॅकमधले अकरा बॉल त्याने झकास घातले. चार उरले. एक रॅकच्या जागेच्या उजवीकडे हातभर नाही, वीतभर अंतरावर: हा आमचा ब्रेक बॉल, म्हणजे जो घालताना नवा रॅक फोडायचा तो, शेवटी ठेवायचा. दुसरा टेबलाच्या मध्याजवळ, मधल्या पॉकेटशी सरळ रेषेत. तिसरा डाव्या कोपऱ्याच्या पॉकेटच्या अगदी दाराशी. चौथा तळाच्या कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) जवळजवळ टेकलेला.

पांढरा मध्यावरच होता, म्हणून त्याने मधला बॉल पटकन घातला. मग दाराशी असलेला. मग तळाचा, तोही सुंदर मारला. पण तो मारताना पांढरा तळाच्या कुशनपाशीच राहिला. तिथून ब्रेक बॉल दिसत होता, पण रॅकमध्ये शिरायला कोनच नव्हता. त्याने सेफ्टी (समोरच्याला सोपा शॉट न ठेवणारी बचावाची खेळी) खेळली आणि माझ्याकडे पाहिलं. "तळाचा जरा हळू मारायला हवा होता," म्हणाला.

मी चारही बॉल होते तिथे परत ठेवले आणि म्हटलं, क्यू खाली ठेव, शेवटून मागे ये. ब्रेक बॉल फोडायला पांढरा कुठे हवा? टेबलाच्या मधोमध. तिथे तो विनासायास कुठल्या बॉलवरून थांबेल? मधल्या. म्हणजे मधला सगळ्यांत शेवटी. त्रासदायक कुठला? तळाचा. तो आधी. दाराशी असलेला कुठूनही जातो, म्हणून तो मध्ये, पांढऱ्याला तळाकडून वर आणण्यासाठी. त्याने तसं केलं. तळाचा, दाराचा, मग मधला बॉल सरळ मारून पांढरा जागच्या जागी थांबवला. ब्रेक बॉल समोर, कोन हवा तसा. शॉट पहिल्या वेळेपेक्षा एकही अवघड नव्हता. फक्त क्रम बदलला होता.

ब्रेक बॉलच्या आधीच्या या बॉलला खेळाडू 'की बॉल' म्हणतात. स्ट्रेट पूलचं निम्मं शिक्षण त्यात आहे: सर्वांत सोपा दिसणारा बॉल बहुतेक वेळा आत्ताचा नसतो, तो नंतरसाठी जपायचा असतो.

आता हे बाकीच्या खेळांत कितपत उतरतं? सगळीकडे सारखं नाही. तुमचा मित्र म्हणतो तसं "सगळं आपोआप" तर मुळीच नाही.

एट-बॉलमध्ये सगळ्यांत जास्त. तिथला शेवटी घालायचा आठ नंबर म्हणजे तुमचा ब्रेक बॉल समजा, त्याच्या आधीचा म्हणजे की बॉल. गुंत्याचा हिशेबही तोच. दोन-तीन बॉल एकमेकांना चिकटून बसलेत, तर ते कधी सोडवायचे? तुमच्यासारखे खेळाडू सोपे बॉल आधी घालतात आणि गुंत्याकडे शेवटी वळतात. तेव्हा टेबलावर दुसरा आधार उरलेला नसतो; गुंता फुटला पण पांढरा वाकडा थांबला की पाळी गेली. स्ट्रेट पूल खेळणारा गुंता लवकर फोडतो, आणि फोडताना जवळपास एखादा असा बॉल राखून ठेवतो जो पांढरा कुठेही थांबला तरी मारता येईल. ही सवय लागली की तुमचं "तीन-चार बॉलनंतर अडकतो" कमी होईल, याची मला खात्री आहे.

यात एक गोष्ट परिस्थितीवर आहे. कळंगुट-बागाच्या बारमधल्या नाणं टाकायच्या छोट्या टेबलांवर तुम्ही खेळत असाल, तर तिथला पांढरा काही ठिकाणी बाकीच्या बॉलपेक्षा जड किंवा मोठा असतो. तो स्टन (जागीच थांबवायचा फटका) मारला तरी पुढे सरकतो आणि स्क्रू (मागे खेचायचा फटका) मारला तर नाइलाजाने मागे येतो. तिथे क्रम ठरवण्याचं शिक्षण चालेल, पण पांढऱ्याच्या अंतराचा अंदाज नऊ फुटी टेबलावरून आणलात तर चुकेल. छोट्या टेबलावर गर्दी जास्त, म्हणून गुंत्याचा भाग उलट अधिक उपयोगी पडेल.

स्नूकरमध्ये निम्मं उतरतं. ब्लू किंवा ब्लॅकवरून लालांचा पॅक फोडताना डोकं अगदी तसंच चालतं: आत्ता फोडू की दोन लाल घेऊन, आणि फोडल्यावर हातात कुठला बॉल राहील. ब्लॅकच्या आसपास पांढरा वीत-दोन वीत हलवत ब्रेक (एका पाळीतले सलग गुण) वाढवणं, हेही स्ट्रेट पूलच्या माणसाला जड जात नाही. पण पॉटिंगच्या बाबतीत सावध राहा. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा, स्नूकरचा साडेबावन्न; टेबल बारा फुटी, आणि पॉकेटच्या कडा गोलाई दिलेल्या. पूलमध्ये कुशनला घासून जो बॉल आत पडतो, तो स्नूकरच्या पॉकेटमधून थरथरून बाहेर येतो. माझा अनुभव असा की नेम स्नूकरकडून पूलकडे जातो आणि विचार पूलकडून स्नूकरकडे. दोन्ही खेळणार असाल तर दोन क्यू ठेवा. पूलच्या १२-१३ मिलिमीटरच्या टिपने स्नूकरची साइड (बॉलच्या बाजूला मारून दिलेली फिरकी) मोजता येत नाही.

नाइन-बॉलमध्ये सगळ्यांत कमी. तिथे क्रम ठरलेला, पांढऱ्याला दोन-तीन कुशन फिरवून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला न्यावं लागतं, ताकदीचा ब्रेक (सुरुवातीला रॅक फोडणारा फटका) हवा, कुशनवरून बॉल गाठता आला पाहिजे, जंप (पांढरा उडवून मारणं) आली पाहिजे. यातलं स्ट्रेट पूल जवळजवळ काहीच शिकवत नाही. एफ्रेन रेयेस यांचंच बघा. ते फिलिपिन्सचे, तिथे रोटेशन खेळतात, म्हणजे आकड्यांच्या क्रमाने. त्या मुशीतून येऊन ते १९९९ चे नाइन-बॉल विश्वविजेते झाले. उलट बाजूला जर्मनीचे थॉर्स्टन होहमान: २००३ मध्ये नाइन-बॉलचं विश्वविजेतेपद आणि २००६ मध्ये स्ट्रेट पूलचंही. युरोपात आजही अजिंक्यपद स्पर्धांत स्ट्रेट पूल हा स्वतंत्र प्रकार असतो, त्यामुळे तिथली मुलं दोन्ही करतात. म्हणजे वाटा दोन्ही आहेत.

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. शिकण्याच्या काळात हा खेळ मला इतका आवडला की एक अख्खं वर्ष मी दुसरं काही खेळलोच नाही. त्यानंतरच्या नाइन-बॉल स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाहेर. टेबल माझ्या हातात आलं की मी साफ करत होतो, पण माझ्या ब्रेकवर काही पडतच नव्हतं, आणि समोरच्याने पांढरा लपवला की कुशनवरून बॉल गाठता येत नव्हता. ते वर्ष वाया गेलं असं मी म्हणणार नाही, पण त्यातले चार महिने तरी मी ब्रेकला आणि सेफ्टीला द्यायला हवे होते. म्हणून तुम्हाला सांगतो: तीनपैकी एक संध्याकाळ स्ट्रेट पूल. जास्त नको.

आणि बिलियर्ड्स. हे कुणी विचारत नाही, पण मला राहवत नाही. आपल्या देशात स्ट्रेट पूलचं काम पूर्वी बिलियर्ड्सने केलं. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेते झाले, कुठल्याही वैयक्तिक खेळातले भारताचे पहिले विश्वविजेते. त्या खेळात तीनच बॉल, आणि चांगला खेळाडू ते तिन्ही टेबलाच्या एका कोपऱ्यात धरून बारीक बारीक कॅनन (एकाच फटक्यात आपला बॉल बाकीच्या दोन्हींना लावणं) करत राहतो. पांढरा थोडाच हलवायचा, पण नेमका, हे तिथेही मूळ. मला पांढरा हलवायला शिकवला तो एका जुन्या क्लबातल्या मार्करने, म्हणजे गुण मोजणाऱ्या, टेबल सांभाळणाऱ्या माणसाने. ते टेबलावर पत्त्याचं एक पान ठेवायचे. बॉल घाल आणि पांढरा पानावर थांबव. मी बॉल घालायचो, पांढरा पानाच्या पुढे जायचा. ते पान उचलायचे, तिथेच परत ठेवायचे, आणि बोलायचे काहीच नाहीत. तुमच्या भागातल्या एखाद्या क्लबात असे मार्करबाब अजून असतील तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. स्ट्रेट पूल त्यांनी कधी खेळला नसेल, पण त्यातलं बरंच त्यांना माहीत असतं.

आता सराव कसा करायचा. पहिले तीन आठवडे रॅक लावूच नका. १५ बॉल हाताने टेबलभर पसरा, दोन-तीन जोड्या मुद्दाम जवळ जवळ ठेवा, पांढरा हवा तिथे ठेवून सुरुवात करा आणि सगळे घाला. एक नियम पाळा: शॉट मारण्याआधी पुढचे दोन बॉल मनात नव्हे, तोंडाने बोला. बाजूच्या टेबलावरचे बघतील, बघू देत. हे जमायला लागलं की १४ चा रॅक लावा, ब्रेक बॉल हाताने रॅकच्या बाजूला वीतभर अंतरावर ठेवा, पांढरा टेबलाच्या मध्याजवळ, आणि फोडून पुढे जा. ब्रेक बॉल आपला आपण राखणं हे त्यानंतरचं.

फोडण्याच्या शॉटबद्दल एवढंच: ताकद लावू नका. पांढरा घसरत बॉलला लागला, म्हणजे स्टन, तर तो बॉलच्या रेषेला काटकोनात जातो. गडगडत लागला तर अर्ध्या बॉलवर (पांढऱ्याने समोरचा बॉल अर्धा झाकलेला असताना) आपल्या मूळ वाटेपासून साधारण तीस-पस्तीस अंश वळतो. या दोन वाटा डोळ्यांसमोर आल्या की पांढरा रॅकच्या कुठल्या बॉलवर आपटणार ते आधीच दिसतं. रॅकमधल्या त्या बॉलच्या वरच्या अंगाला लागणार असेल तर मी पांढऱ्याच्या थोडा खाली मारतो, म्हणजे पांढरा मागे मोकळ्यावर येतो. खालच्या अंगाला लागणार असेल तर पांढऱ्याच्या वर मारतो, म्हणजे तो तळाच्या कुशनवरून फिरून बाहेर पडतो. मधोमध रुतला की अडकला. पूर्ण ताकदीच्या साधारण साठ-सत्तर टक्के पुरे. जोरात मारणाऱ्यांचा ब्रेक बॉलच चुकतो.

पूलचं टेबल मिळत नसेल तर स्नूकरच्या टेबलावरही करता येतं. रंगीत सगळे काढून ठेवा. लाल १५ च असतात, त्रिकोणही तेवढाच. पॉकेट घट्ट असल्याने सलग आकडे लहान येतील, पण विचार तोच होईल.

वही ठेवा. किती बॉल सलग गेले एवढंच लिहू नका, पाळी का संपली तेही लिहा: पॉट चुकला, पोझिशन चुकली, गुंता राहिला, की पांढरा पॉकेटमध्ये गेला. वीसेक रॅक झाले की वही उघडून बघा. बहुतेकांना वाटतं आपण पॉट चुकतो. वहीत मात्र चुकलेल्या पॉटच्या आधीच्या शॉटला पांढरा वाईट जागी गेलेला असतो, म्हणून तो पॉट अवघड झालेला असतो.

तारीखही लिहा, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर टेबल वेगळंच असतं. दमट हवेत कापड जड होतं, पांढरा कमी घसरतो, स्क्रू कमी येतो, कुशनवरून कोन आखडतो. चॉकची पूड बसलेले बॉल एकमेकांना क्षणभर चिकटतात आणि तुमचा अचूक कट (तिरका फटका) जाडा होतो. खेळण्याआधी बॉल कोरड्या फडक्याने पुसा, दर रॅकला पांढरा पुन्हा पुसा. जानेवारीतल्या २२ शी जुलैतले १४ ताडून बघू नका.

जोडीदार नाही म्हणता, तर सुरुवातीला नसलेलाच बरा. एकट्याने रॅक लावायला वेळ जातो, पण त्या वेळात काय चुकलं ते आठवता येतं. पैशाचं म्हणाल तर काही पार्लर दुपारी दर कमी लावतात, विचारून बघा. शुक्रवारी बाजाराच्या दिवशी म्हापशात दुपारी टेबलं मोकळी असण्याची शक्यताही जास्त. दोन-तीन महिन्यांनी एखादा मित्र तयार झाला, तर ५० गुणांचा सामना खेळा. फाउलला एक गुण वजा, सलग तीन फाउल झाले तर आणखी १५ वजा. सुरुवातीचा ब्रेक फोडायचा नसतो, तो सेफ्टीचा असतो: पांढरा आणि रॅकमधले किमान दोन बॉल कुशनला लागले पाहिजेत, नाहीतर दोन गुण वजा. तो ब्रेक नीट मारून पांढरा वरच्या कुशनला टेकवून परत आणायला मला सहा महिने लागले होते, तेव्हा पहिल्या आठवड्यात नाही जमला तर सोडून देऊ नका. आणि रॅकच्या त्रिकोणाची बारीक रेघ पेन्सिलने कापडावर काढायची असते, ब्रेक बॉल आत आहे की बाहेर ते कळावं म्हणून. त्यासाठी आधी पार्लरवाल्याला विचारा.